रूढीचा पुरावा दाखवा



काल याच मंडपात एका परिसंवादात सांगितलं गेलं की कायद्यानं माणसाचं मन बदलत नाही, आधी समाज बदलावा लागतो. टाळ्याही पडल्या. त्या विधानाला उत्तर दिल्याशिवाय मी खाली बसणार नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १८९६ साली हाच युक्तिवाद निकालात घातला आणि त्याच्या आधारावर पुढची ५८ वर्षं लक्षावधी माणसांना वेगळ्या डब्यात, वेगळ्या शाळेत बसवलं गेलं.

जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केली, हे आपण दर जयंतीला सांगतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियाना राज्यातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीनं कृष्णवर्णीयांची कत्तल केली. बरेचजण शरण आल्यावर मारले गेले. ज्या मोजक्यांना शिक्षा झाली, तेही १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून सुटले. अर्पणपत्रिका आपल्याला पाठ आहे. पुढे काय झालं ते वाचायची तसदी आपण घेत नाही.

गुलामी १८६५ मध्ये संपली. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीनं समान संरक्षणाची हमी दिली. रेल्वे, सराया, नाटकगृहं सर्वांना खुली करणारा १८७५ चा कायदा याच सर्वोच्च न्यायालयानं १८८३ मध्ये रद्द केला. मग १८९० मध्ये लुइझियानानं आगगाडीत गोऱ्यांचे आणि काळ्यांचे डबे वेगळे करण्याचा कायदा केला. म्हणे लोकांची रूढीच तशी! कुठली रूढी? त्याच राज्यातल्या न्यू ऑर्लिन्समध्ये लोकांनी रस्त्यावर उतरून १८६७ मध्येच ट्राममधला भेद मोडून काढला होता. तेव्हापासून दोन्ही रंगांची माणसं एका बाकावर बसून कामाला जात होती. जादा डबे ओढायचा खर्च नको म्हणून रेल्वे कंपन्यांनासुद्धा हा कायदा नकोसा होता. शिवाय त्यात एक पळवाट मुद्दाम ठेवलेली होती: गोऱ्या मुलाला सांभाळणारी काळी आया गोऱ्यांच्या डब्यात बसू शकत होती. तीच बाई मूल घरी पोचवून एकटी परत निघाली की तिला डबा बदलावा लागे. आता सांगा, ही उपजत घृणा होती, की मालक कोण आणि नोकर कोण याची सरकारी नोंद?

साहित्याच्या या व्यासपीठावरून एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. या कायद्याला आव्हान दिलं ते लिहिणाऱ्या माणसांनी. लुई मार्टिने हे ‘क्रुसेडर’ पत्राचे संपादक, रोडॉल्फ देदून लेखक, आणि त्यांचे वकील अल्बियन टुर्जे नावाजलेले कादंबरीकार. त्यांच्या नागरिक समितीनं वर्गणी जमवली. ७ जून १८९२ रोजी होमर प्लेसी हा तरुण चांभार पहिल्या वर्गाचं तिकीट काढून गोऱ्यांच्या डब्यात बसला आणि त्यानं ठरल्याप्रमाणे अटक करवून घेतली. त्याच्या आठ पणजोबा-पणज्यांपैकी सात गोरे होते. रंगावरून कुणी ओळखलं नसतं, म्हणून त्यानं स्वतःच सांगितलं. भेदाचा हा निकष किती पोकळ आहे, ते याहून उघड कसं करणार?

१८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सात विरुद्ध एक असा प्लेसीच्या विरोधात गेला. न्यायमूर्ती ब्राउन यांनी लिहिलं, त्याचा आशय असा: डबे वेगळे करण्यात कमीपणा नाही, तो कृष्णवर्णीयांनीच मानून घेतलाय; आणि वंशांमधली अढी कायद्यानं जात नाही. जो कायदा माणसांना जवळ आणायला असमर्थ ठरला, तोच त्यांना दूर करायला मात्र पुरेसा समर्थ होता! एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोध नोंदवला. त्यांचं धैर्य मी मानतो. पण त्याच विरोधी निकालपत्रात चिन्यांविषयी त्यांनी जे लिहिलं ते वाचून मी त्यांना देव्हाऱ्यात बसवणार नाही. प्लेसीनं २५ डॉलर दंड भरला. पुढची पाळी मताधिकाराची होती. लुइझियानात १८९६ मध्ये १,३०,००० हून अधिक नोंदलेले कृष्णवर्णीय मतदार होते. १८९८ ची नवी राज्यघटना आल्यावर, १९०४ मध्ये उरले १,३४२. यातही समाजाचं मन शोधायचं का? हे काम घटनेच्या कागदावर शाईनं झालं.

आणि १९५४ मध्ये तेच न्यायालय शाळांच्या खटल्यात एकमतानं उलट बोललं, तेव्हा समाजाचं मन बदललं होतं म्हणून नव्हे. दक्षिणेतल्या गोऱ्यांनी त्यानंतरही वर्षानुवर्षं शाळांची दारं अडवली. न्यायालय हललं ते वकील आणि पालक वर्षानुवर्षं एकामागून एक खटले लढत राहिले म्हणून.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. महाडचं चवदार तळं नगरपालिकेनं ठरावानं खुलं केलं होतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर त्या ठरावाचा हक्क बजावायला गेले. सवर्णांनी दावा ठोकला तो अनादि काळापासूनच्या रूढीचा. खटला जवळजवळ दहा वर्षं चालला. वॉशिंग्टनच्या न्यायाधीशांनी रूढीचा दाखला न तपासता मान्य केला होता. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मात्र पुरावा मागितला, आणि ती अनादि रूढी वादींना सिद्ध करता आली नाही.

कालच्या वक्त्यांनाही मी तेवढंच मागतो आहे.