तिसऱ्या उमेदवाराचं मत खरंच वाया जातं का?

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना इकडेतिकडे गेलेले दोन-चार मुद्दे काढून टाकले आहेत.)



निवडणूक जवळ आली की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं. “त्याला कशाला मत देतोस? निवडून येणार नाही, नुसती मतं खाणार.” कट्ट्यावर ऐकू येतं, चहाच्या गाड्यावर ऐकू येतं, घरी जेवताना ताटावर पण ऐकू येतं. २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत पहिल्या दोघांमध्ये ५,२४० मतांचं अंतर होतं आणि तिसऱ्या उमेदवाराला १ लाख १७ हजारांहून जास्त मतं पडली होती. असा निकाल लागला की कोणी कोणाची मतं खाल्ली याचाच हिशेब सुरू होतो.

मी आज त्या निवडणुकीवर बोलणार नाही. त्यावर इथे बसलेला प्रत्येकजण तज्ज्ञ आहे! आणि त्यावर बोलायला लागलं की दुसऱ्याच मिनिटाला प्रश्न येतो, “तू कुठल्या गटाची?” म्हणून मी तुम्हाला लांब, ब्राझीलला घेऊन जाणार आहे. तिथल्या एका बाईंनी तीन वेळा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली, तिन्ही वेळा हरल्या, आणि तरीही त्या देशाच्या जंगलाचं काय होणार हे ठरवण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला. त्यांचं नाव मारिना सिल्वा.

आधी त्या कोण ते बघू. अॅमेझॉनच्या जंगलात आक्रे नावाचं राज्य आहे. तिथे १९५८ साली रबराचा चीक काढणाऱ्या एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आजूबाजूला शाळा नव्हती. लहानपणापासून मलेरिया, कावीळ असले आजार मागे लागलेले. सोळाव्या वर्षी त्या रियो ब्रांको या शहरात आल्या, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. लोकांच्या घरची धुणीभांडी करत शिकल्या आणि इतिहासाची पदवी घेतली.

त्याच काळात त्या शिको मेंदिस यांच्याबरोबर काम करू लागल्या. मेंदिस हे रबर काढणाऱ्या मजुरांचे पुढारी. तिकडचे मोठे गुरंवाले जमीनदार जंगल तोडून कुरणं करत होते. करवती घेऊन माणसं आली की हे मजूर बायकापोरांसकट झाडांसमोर उभे राहायचे आणि तोड थांबवायचे. त्यांची मागणी साधी होती. जंगल सरकारच्या मालकीचं राहू दे, पण त्यात राहून रबर, फळं काढायचा हक्क आमचा असू दे. २२ डिसेंबर १९८८ ला मेंदिस यांचा त्यांच्याच घराच्या दारात गोळी घालून खून झाला. पुढे १९९० मध्ये सरकारने अशी राखीव जंगलं जाहीर केली, त्यातल्या एकाला मेंदिस यांचंच नाव आहे.

हे एवढं सांगितलं कारण पर्यावरण म्हटलं की आपल्याला वाटतं, हा पोटभरल्या लोकांचा विषय. मारिना यांच्या राजकारणात जंगल वाचवणं आणि जंगलातल्या गरिबाचा हक्क वाचवणं या दोन वेगळ्या गोष्टी कधीच नव्हत्या. खानापूर तालुक्यातल्या जंगलपट्ट्यातून जे मित्र इथे आलेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुढे त्या लुला यांच्या कामगार पक्षातून १९९४ मध्ये सिनेटवर निवडून आल्या. २००३ मध्ये लुला राष्ट्राध्यक्ष झाले आणि मारिना पर्यावरणमंत्री. २००४ मध्ये अॅमेझॉनमध्ये एका वर्षात २७ हजार चौरस किलोमीटरच्या वर जंगल तोडलं गेलं होतं. आपला बेळगाव जिल्हा साधारण साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे असे दोन जिल्हे, एका वर्षात! मारिना यांच्या खात्याने उपग्रहावरून नजर ठेवायला सुरुवात केली, छापे घातले, राखीव क्षेत्रं वाढवली. चार वर्षांत हा आकडा निम्म्याच्या खाली आला. पण मंत्रिमंडळात धरणं, रस्ते, शेतीचा धंदा यांची बाजू जड होत गेली आणि २००८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढच्या वर्षी त्यांनी जवळजवळ तीस वर्षांचा पक्षही सोडला.

आता २०१० ची निवडणूक. एका बाजूला लुलांच्या वारसदार दिल्मा रुसेफ, दुसऱ्या बाजूला जोझे सेरा. दोघांच्या मागे मोठ्या आघाड्या. मारिना छोट्याशा ग्रीन पार्टीतून उभ्या राहिल्या. ब्राझीलमध्ये प्रचारासाठी टीव्हीवर फुकट वेळ मिळतो, पण तो संसदेतल्या ताकदीप्रमाणे वाटतात. दिल्मा यांना दर वेळी दहा मिनिटांच्या वर, मारिना यांना दीड मिनिट पण नाही. तरीसुद्धा त्यांना १ कोटी ९६ लाख मतं पडली, म्हणजे १९ टक्क्यांहून जास्त. राजधानी ब्राझिलियाच्या भागात तर त्या पहिल्या आल्या.

मग यांनी मतं खाल्ली का? इथे नियम बघावा लागतो. ब्राझीलमध्ये निम्म्याहून जास्त मतं मिळाल्याशिवाय कोणी राष्ट्राध्यक्ष होत नाही. तेवढी कोणालाच मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. दिल्मा ४६.९ टक्क्यांवर अडकल्या. म्हणजे मारिना यांच्या मतांमुळे निकाल पुढे गेला आणि दोन्ही मोठ्या उमेदवारांना त्यांच्या मतदाराच्या दारात यावं लागलं.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेचं. २००० साली राल्फ नेडर तिथल्या ग्रीन पार्टीतून उभे होते. त्यांच्याबरोबर उपाध्यक्षपदासाठी होत्या विनोना लाड्यूक, आदिवासींच्या जमिनीसाठी लढणाऱ्या ओजिब्वे समाजातल्या कार्यकर्त्या. मुद्दे तेच, पर्यावरण आणि सामाजिक न्याय. फ्लोरिडा राज्यात बुश यांनी गोर यांना ५३७ मतांनी मागे टाकलं आणि त्यावरच राष्ट्राध्यक्षपद ठरलं. नेडर यांना त्या एका राज्यात ९७ हजारांवर मतं होती. तिथे दुसरी फेरी नव्हती, त्यामुळे बोलणी करायला जागाच नव्हती. नेडर म्हणत राहिले की मतं कोणाच्या बापजाद्यांची नसतात, ती मिळवावी लागतात. ते तत्त्व म्हणून बरोबरच आहे. पण त्या निवडणुकीनंतर अमेरिकेत ग्रीन पार्टी म्हटलं की लोकांना तिचा कार्यक्रम आठवत नाही, फ्लोरिडा आठवतं.

आम्हाला अभ्यासक्रमात दुव्हर्जे नावाच्या फ्रेंच अभ्यासकाचा सिद्धांत आहे. एकाच फेरीत जो पुढे तो जिंकला असा नियम असला की मतदार हळूहळू दोनच पक्षांकडे ढकलला जातो. आपली विधानसभा, लोकसभा याच नियमाने चालते. तेव्हा मतं खाणार हे वाक्य म्हणणारा माणूस प्रत्येक वेळी विकलेला असतो असं नाही. कधीकधी तो फक्त नियम ओळखून बोलत असतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग.

२०१० च्या दोन फेऱ्यांमध्ये चार आठवडे होते. मारिना आणि त्यांच्या पक्षाने मुद्द्यांची यादी दोन्ही उमेदवारांपुढे ठेवली. जंगल तोडणाऱ्यांना माफी देणारी कलमं आपण नाकारू असं दिल्मा यांनी कळवलं. शेवटी मारिना यांनी कोणालाच पाठिंबा दिला नाही. आपल्या मतदाराला मेंढरासारखं हाकायचं नाही, ही त्यांची भूमिका. ऐकायला छान वाटतं, मला पण वाटलं. पण पुढे काय झालं? २०११ मध्ये बेलो मोंते या प्रचंड धरणाच्या बांधकामाला परवाना मिळाला, आदिवासींचा विरोध असताना. २०१२ मध्ये जंगलाचा नवा कायदा आला. दिल्मा यांनी काही कलमं अडवली, तरी २००८ च्या आधी केलेल्या तोडीला बरीचशी माफी मिळालीच. मारिना यांनी पाठिंबा दिला असता तर हे सगळं थांबलं असतं, असं मी म्हणणार नाही. पण दोन कोटींच्या जवळपास मतांमागे शब्द पाळायला लावणारी लेखी अट उरली नव्हती, हे खरं.

२०१४ च्या निवडणुकीसाठी त्यांना स्वतःचा नवा पक्ष काढायचा होता. सह्या कमी पडल्या म्हणून नोंदणी मिळाली नाही, मग त्या समाजवादी पक्षाच्या उमेदवाराबरोबर उपाध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या. ऑगस्टमध्ये ते उमेदवार, एदुआर्दो कांपोस, विमान अपघातात गेले आणि मारिना राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार झाल्या. काही आठवडे तर त्याच जिंकणार असं चाचण्या सांगत होत्या. मग दिल्मा यांच्या बाजूने जोरदार हल्ला झाला. मारिना आल्या तर बँकवाले गरिबाच्या ताटातलं अन्न पळवतील, अशी जाहिरात टीव्हीवर चालली. मारिना यांच्याकडूनही घसरण झाली. समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारा जाहीरनामा काढला आणि एका दिवसात तो सौम्य केला. सामाजिक न्यायाचं नाव घेणाऱ्या उमेदवाराला हे महागात पडतं. त्यांना २१ टक्के मतं मिळाली आणि त्या तिसऱ्या राहिल्या. २०१८ मध्ये तर १ टक्का. बोल्सोनारो निवडून आले आणि जंगलतोड पुन्हा वाढली. २०२१ मध्ये १३ हजार चौरस किलोमीटर.

आपल्यातले बहुतेक जण इथे म्हणाले असते, संपली बाई. पण २०२२ च्या सप्टेंबरमध्ये, पहिल्या फेरीच्या आधी, मारिना लुला यांना भेटल्या. चौदा वर्षांचा दुरावा होता. त्यांनी पर्यावरणाच्या अटी लेखी पुढे ठेवल्या, लुला यांनी जाहीरपणे मान्य केल्या, मगच पाठिंबा दिला. लुला दुसऱ्या फेरीत दोन टक्क्यांहूनही कमी फरकाने जिंकले. मारिना स्वतः खासदार झाल्या आणि २०२३ मध्ये परत पर्यावरणमंत्री. संसदेने त्यांच्या खात्याचे काही अधिकार काढून घेतले, तो त्रास झालाच. पण २०२४ मध्ये जंगलतोडीचा आकडा ६,२८८ चौरस किलोमीटरवर आला होता. २०२१ च्या निम्म्यापेक्षा कमी.

बघा, दोन कोटी मतं असताना जे जमलं नाही ते एक टक्क्याची उमेदवार झाल्यावर जमलं. कारण या वेळी मागणी लेखी होती आणि मतदानाच्या आधी मागितलेली होती.

आपल्यासाठी याचा अर्थ काय? आपल्याकडे दुसरी फेरी नाही. म्हणजे जी काही बोलणी व्हायची ती मतदानाच्या आधीच. आणि अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी आपल्याकडे बोलणी होतात की नाही? होतातच की! फक्त ती कशावर होतात, हे तुम्हाला माहीत आहे. पद, पैसा, पुढच्या वेळचं तिकीट. पाणी, जमीन, शाळा, जंगलातली वहिवाट यातलं काही त्या खोलीत येत नाही, आणि आलं तरी कागदावर येत नाही.

म्हणून उद्या कोणी तिसरा उमेदवार तुमच्या दारात आला, आपल्या भाषेचा असो, पर्यावरणाचा असो, नाहीतर अपक्ष असो, त्याला मतं खाणारा म्हणून हाकलू नका आणि आपला माणूस म्हणून डोळे झाकून मतही देऊ नका. त्याला तीन गोष्टी विचारा. तुमच्या पाच मागण्या कोणत्या, लिहून द्या. मोठ्यांपैकी कोणी त्यातल्या तीन मान्य केल्या तर तुम्ही काय करणार? आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी, हरलात तर, तुम्ही कुठे असणार?

तिसऱ्या प्रश्नाला मारिना यांच्याकडे प्रत्येक वेळी उत्तर होतं. तोच जंगलाचा विषय, पक्ष बदलले तरी. ज्याच्याकडे हे उत्तर आहे त्याला दिलेलं मत हरलं तरी वाया जात नाही, असं मला वाटतं. ज्याच्याकडे नाही, त्याला दिलेलं मत तो निवडून आला तरी वायाच.

तुमचं मत वेगळं असेल तर आत्ताच बोला, त्यासाठीच जमलोय आपण.