नीडहॅमची कुपी आणि ईश्वराचा वाद

अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये धर्मसंस्थेशी झुंजणाऱ्या विचारवंतांत ईश्वराच्या प्रश्नावर जी फूट पडली, तिचे वर्णन बहुधा एका ठरावीक साच्यात केले जाते. व्होल्तेअरसारखे लोक धीर न झाल्यामुळे अर्ध्या वाटेवर थांबले आणि दिदरो, दोलबाख हे निर्भयपणे शेवटपर्यंत गेले, असा तो साचा आहे. तो अन्यायाचा आहे. तटस्थ ईश्वरवाद, म्हणजे विश्व व त्याचे नियम निर्माण करून पुढे चमत्कार, अवतार किंवा ग्रंथप्रामाण्य यांच्याद्वारे त्यात हस्तक्षेप न करणारा ईश्वर केवळ बुद्धीच्या आधारे मानणे, ही त्या काळी उपलब्ध असलेल्या पुराव्याच्या दृष्टीने नास्तिकतेपेक्षा भक्कम भूमिका होती, आणि ही गोष्ट मान्य केल्याशिवाय नास्तिकांनी पत्करलेल्या बौद्धिक जोखमीचे मोलही नीट कळत नाही.

न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ 1687 मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रह आपल्या कक्षेत का टिकून राहतात, हे गुरुत्वाकर्षणाने उलगडले. परंतु सर्व ग्रह सूर्याभोवती एकाच दिशेने आणि जवळजवळ एकाच प्रतलात का फिरतात, याचे उत्तर त्या नियमात नव्हते, आणि 1713 च्या दुसऱ्या आवृत्तीला जोडलेल्या उपसंहारात न्यूटनने या सुव्यवस्थेचे श्रेय बुद्धिमान कर्त्याला दिले. फिरत्या वायुमेघातून सूर्यमाला घडल्याची लाप्लासची उपपत्ती 1796 ची, तर प्राण्यांच्या शरीररचनेची नैसर्गिक कारणमीमांसा देणारा डार्विनचा ग्रंथ 1859 चा. म्हणजे 1738 मध्ये न्यूटनच्या तत्त्वज्ञानावर पुस्तक लिहिणाऱ्या व्होल्तेअरला जगातील व्यवस्थेतून कर्त्याचे अनुमान करणे हे विज्ञानाचेच पुढचे पाऊल वाटले, यात नवल नाही.

दिदरोचा प्रवास याची उत्तम साक्ष देतो. 1746 च्या ‘तात्त्विक विचारां’त तोच दिदरो असे मांडतो की, नास्तिकतेला खरा धक्का तत्त्वमीमांसकांनी दिलेला नसून न्यूटनसारख्या निसर्गाभ्यासकांनी दिला आहे. अवघ्या तीन वर्षांनी, ‘अंधांविषयीच्या पत्रा’त, तो केंब्रिजचा अंध गणिती सॉंडरसन मृत्युशय्येवर असल्याचे कल्पितो आणि त्याच्या तोंडून विचारतो की, सृष्टीचे सौंदर्य ज्याला दिसतच नाही त्याच्यापुढे त्या सौंदर्याचा पुरावा कसा ठेवावा; आरंभी असंख्य विजोड प्राणी उपजले असतील, जगण्यास असमर्थ ते नष्ट झाले असतील आणि उरलेल्यांतच आज रचना दिसत असेल, अशी विलक्षण कल्पनाही तो त्याच्याकडून वदवतो. 1749 च्या उन्हाळ्यात दिदरोला व्हँसेनच्या किल्ल्यात सुमारे तीन महिने कैदेत राहावे लागले, त्याला हे लिखाण प्रामुख्याने कारणीभूत होते.

कल्पनेला प्रयोगाचा आधार मात्र हवा होता, आणि तो एका कॅथलिक धर्मगुरूकडून मिळावा हा या इतिहासातील अत्यंत बोलका भाग आहे. जॉन नीडहॅम या इंग्रज निसर्गाभ्यासकाने मांसाचा उकळलेला रस्सा कुपीत बुचाने बंद करून ठेवला, काही दिवसांनी त्यात सूक्ष्म जीव वळवळताना पाहिले, आणि 1748 मध्ये असे जाहीर केले की पदार्थातच जीव उत्पन्न करणारी शक्ती असते. स्वतः नीडहॅमला यात ईश्वराविरुद्ध काही दिसले नाही. परंतु बॅरन दोलबाखने 1770 मध्ये, एका दिवंगत ग्रंथकाराच्या नावाआड छापलेल्या ‘निसर्गाची व्यवस्था’ या उघड नास्तिक ग्रंथात, पिठात पाणी घालून बंद ठेवल्यास जीव उपजतात हा नीडहॅमचा दाखला घेऊन विचारले की, मग माणूस निसर्गातूनच उपजला असे मानण्यात असंभाव्य ते काय? व्होल्तेअरने त्याच वर्षी प्रत्युत्तर लिहिले. इटालियन संशोधक स्पाल्लान्झानीने 1765 मध्येच कुप्या अधिक वेळ उकळून, त्यांची तोंडे काच वितळवून बंद केल्यावर जीव उपजत नाहीत असे दाखवले होते. एका फसलेल्या प्रयोगावर एवढी इमारत उभी केली, हा व्होल्तेअरचा आक्षेप प्रयोगाच्या कसोटीवर खराच होता.

अर्थात त्याच्या ईश्वरकल्पनेने त्यालाही चुकवले. निसर्ग एकदाच घडवलेला व स्थिर आहे, या धारणेपायी आणि नोहाच्या प्रलयाला पुष्टी मिळू नये या हेतूने, डोंगरांत सापडणारे सागरी शिंपले यात्रेकरूंनी टाकले असावेत असा तर्क त्याने केला. पृथ्वीला दीर्घ इतिहास आहे ही जाणीव या बाबतीत त्याच्यापेक्षा दिदरोला अधिक होती. व्यवस्थेतून कर्त्याचे अनुमान करणाऱ्या युक्तिवादातील खरी दुर्बलता दाखवली ती डेव्हिड ह्यूमने: जगाला यंत्राची उपमा देऊन निघणारे अनुमान त्या उपमेइतकेच पक्के असते, हे त्याच्या मरणोत्तर, 1779 मध्ये छापलेल्या संवादांत दिसते, आणि त्यासाठी त्याला कोणत्याही कुपीची गरज पडली नाही.

ईश्वर मानण्याची दुसरी, नैतिक बाजूही होती. समाजात न्याय टिकण्यासाठी, सत्ताधीशांनाही धाक राहण्यासाठी, फळ देणारा व दंड करणारा ईश्वर हवा, असे व्होल्तेअरचे मत होते. थॉमस पेनने 1794 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘बुद्धीचे युग’ या ग्रंथात बायबलवर हल्ला चढवला, तरी फ्रान्स नास्तिकतेकडे धावत असल्याची चिंता त्याला होती आणि एका ईश्वरावरील श्रद्धा त्याने ठामपणे जाहीर केली. पेनच्या लेखनाने प्रभावित झालेल्या जोतीराव फुल्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त, जे 1891 मध्ये त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले, विश्वाच्या कर्त्याला ‘निर्मिक’ म्हटले. डार्विननंतर तीन दशके उलटून गेली असताना फुल्यांच्या निर्मिकाचा भार प्राण्यांच्या रचनेवर नव्हता; सर्व स्त्रीपुरुष एकाच निर्मिकाची लेकरे असल्यामुळे त्यांचे हक्क समान आहेत, आणि निर्मिक व माणूस यांच्यामध्ये भटाची दलाली नको, यावर तो होता. व्होल्तेअरला ईश्वर धाकासाठी हवा होता, फुल्यांना समतेसाठी. आणि शरीररचनेची नैसर्गिक उपपत्ती मिळाल्याने रचनेवरून कर्त्याचा पुरावा देणे ढासळले, तरी या नैतिक मागणीला जीवशास्त्राने स्पर्शही केलेला नव्हता.