विश्वस्ताकडे हिशेब मागताना
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



कायदा हा उत्सवाचा विषय नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु मराठी मुलखापासून दूर राहणाऱ्या आपणां मंडळींना त्याचा एक भाग फार जवळचा आहे. वडीलधाऱ्यांनी गावाकडील घर वा ठेवी मुलांसाठी न्यास करून ठेवलेल्या असतात; विश्वस्त असतात गावचे काका किंवा मामा. पुढे पैसे येईनासे होतात, पत्रांस उत्तर येत नाही, आणि आपण संकोचाने गप्प बसतो.

आमच्या एका आत्येबहिणीची हीच कथा. वडिलांनी तिच्या व धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी न्यासपत्र केले होते. त्यांच्या पश्चात विश्वस्त चुलत्यांनी दोन वर्षे पैसे पाठविले, मग बंद केले. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ या एका प्रश्नाने ती सहा वर्षे मुकी झाली.

कायद्याने हा संकोच केव्हाच दूर केला आहे. खाजगी न्यासांसाठी असलेल्या भारतीय न्यास अधिनियम, १८८२ च्या कलम १९ नुसार स्वच्छ हिशेब ठेवणे व हिताधिकाऱ्याने मागताच मालमत्तेची खरी माहिती देणे हे विश्वस्ताचे कर्तव्य आहे. कलम ५७ नुसार न्यासपत्र, हिशेब व पावत्या पाहण्याचा आणि त्यांच्या नकला घेण्याचा हक्क हिताधिकाऱ्यास आहे.

प्रथम न्यासपत्र नीट वाचावे. केव्हा व किती रक्कम द्यावी हे ठरविण्याची मुभा कधीकधी त्यातच विश्वस्तास दिलेली असते. नंतर पोच मिळेल अशा टपालाने, मुदत घालून, सौम्य शब्दांत हिशेब मागावा. उत्तर न आल्यास वकिलामार्फत नोटीस द्यावी. तरीही मौन राहिले, तर दिवाणी न्यायालयात हिशेबाचा दावा लावता येतो, आणि विश्वस्त अपात्र ठरल्यास नव्याची नेमणूकही मागता येते. मालमत्तेचा अप्रामाणिकपणे अपहार झाला असेल, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३१६ आहे. पण ते शेवटचे शस्त्र समजावे. देवस्थाने व धर्मादाय संस्था यांचा मार्ग निराळा. महाराष्ट्रात तो धर्मादाय आयुक्तांकडे जातो.

अखेर आमच्या बहिणीने नोटीस दिली. वह्या आल्या. चुलत्यांनी न्यासाचा पैसा स्वतःच्या दुकानात घातला होता. परत करण्याचा हेतू होता, असे ते म्हणाले. अशा वेळी कलम २३ अन्वये चक्रवाढ व्याज किंवा निव्वळ नफा, यांपैकी हवे ते हिताधिकारी मागू शकतो. तिने व्याज मागितले व ते मिळालेही. परंतु भावाने अर्ध्यावर सोडलेले कॉलेज मात्र परत मिळाले नाही.

म्हणून आमची नम्र विनंती एवढीच : हिशेब मागणे हा अविश्वास नव्हे. दरवर्षी मागितलेला हिशेब विश्वस्तालाही मोहापासून वाचवितो, आणि नात्यालाही.