विजेच्या मोटारीला पल्ला किती हवा?



विषय यंत्राचा असला तरी माझ्याकडे तो शेजारधर्माने आला. साताऱ्यातील आमचे शेजारी नाना यांना विजेची मोटार घ्यावयाची होती. काकूंना आठवड्यातून तीन वेळा डायलिसिससाठी कऱ्हाडला न्यावे लागते. जाऊन-येऊन सुमारे १०५ किलोमीटर. मुलगा म्हणे, कर्ज काढू, पण सर्वांत मोठ्या पल्ल्याची घ्या. नानांच्या निवृत्तिवेतनाला ते कर्ज पेलणारे नव्हते. उलट, आजारी माणूस आत असताना गाडी वाटेत थांबली तर काय, ही धास्तीही खोटी म्हणता येत नव्हती. "तुम्ही पदार्थविज्ञान शिकवीत होता ना? मग सांगा," असे म्हणून नाना ओट्यावर बसले.

प्रथम जाहिरातीतला आकडा बाजूस ठेवू. २०२२ साली टाटांची टियागो विजेवर आली. २४ युनिटांच्या बॅटरीवर ३१५ किलोमीटर, असे चाचणीचे प्रमाण होते. ही चाचणी प्रयोगशाळेत रुळांवर घेतात, सरासरी वेग बेताचा असतो, आणि तेथे घाट नसतो! महामार्गावर निराळे घडते. वेग ८० वरून १०० वर नेला की हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो. म्हणून मी युनिटला ७ किलोमीटर धरले. २४ युनिटांचे झाले १६८. बॅटरीही म्हातारी होते. आठ वर्षांनी तिची शक्ती पाचव्या हिश्शाने घटली असे समजू. उरले सुमारे १३५. कऱ्हाडची फेरी करून ३० किलोमीटर शिल्लक.

नाना म्हणाले, "आणि महाबळेश्वरला जायचे झाले तर?" हा प्रश्न मला आवडला. साताऱ्याहून महाबळेश्वर सहाशे मीटरहून अधिक उंच आहे. माणसांसह दीड टनाच्या आसपासची गाडी तेवढी वर चढवावयास अडीच-पावणेतीन युनिटे लागतात, म्हणजे सपाटीवरचे वीसेक किलोमीटर. आश्चर्य असे की उतरताना मोटरच जनित्र होते आणि त्यातला बराच भाग बॅटरीत परत येतो. पेट्रोलची गाडी घाट उतरताना टाकीत थेंबभरही परत घालीत नाही.

खरा प्रश्न रात्रीचा होता. टांग्याचा घोडा घेताना जुनी माणसे तबेला आणि चंदी आधी पाहत. घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर तासाला सुमारे तीन युनिटे मिळतात. कऱ्हाडची १५ युनिटे, थोडी गळती धरून, सहा तासांत भरून निघतात. वळवाच्या पावसात रात्रभर वीज गेली तर? काकूंच्या दोन फेऱ्यांमध्ये निदान एक दिवस मोकळा असतो. म्हणजे भरावयास दोन रात्री हाताशी. रोज कऱ्हाडला जाणाऱ्यास मात्र मी ही गाडी सुचविली नसती. त्याला एका बुडालेल्या रात्रीचीही तरतूद हवी.

राहता राहिली मुंबईची लेक, अडीचशे किलोमीटरवर. त्या प्रवासाला वाटेत थांबावे लागणार, बहुधा दोनदा. कारण जलद चार्जिंगही ऐंशी टक्क्यांनंतर मंदावते. पण ते वर्षातून दोनदा. तेवढ्यासाठी २० युनिटे अधिक घेतली, तर युनिटला सात-आठ किलो धरून दीडशे किलोचे ओझे आठवड्यातून तीनदा कऱ्हाडला हिंडवावयाचे, आणि त्याचे व्याजही भरावयाचे. २००१ साली बंगलोरची रेवा आली, तिचा पल्ला ८० किलोमीटरच्या घरात होता. ती गाडी असती तर मीच नानांना नको म्हटले असते.

नानांनी लहान गाडी घेतली. पण घोडे अडले भलतीकडेच. इमारतीच्या वाहनतळात प्लग नव्हता, आणि नानांच्या मीटरपासून तार ओढू देण्यास सभासद तयार होईनात. तीन बैठका झाल्या. आग लागेल, बिल कोण भरेल, उद्या सगळेच मागतील! तिसऱ्या बैठकीस काकू स्वतः येऊन बसल्या. बोलल्या काहीच नाहीत. वेगळे मीटर, योग्य जाडीची तार आणि अर्थिंग अशा अटींवर संमती मिळाली. त्या आठवड्यातल्या तिन्ही फेऱ्या मात्र नानांनी भाड्याच्या गाडीने केल्या; नवी मोटार खाली उभीच होती.