फ्रीझर थंड राहत नाही तेव्हा



उन्हाळा तापला की मुंबईत अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत फ्रीज दुरुस्त करणाऱ्यांना उसंत नसते. तक्रार ठरलेली, फ्रीझरमध्ये बर्फ धरत नाही. आणि बऱ्याच घरांत निदानही आधीच झालेलं असतं, गॅस संपला असणार! या समजुतीपायी लोकांचे कष्टाचे पैसे जातात, म्हणून आज तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

फ्रीजमधला गॅस वापरून संपत नाही. बंद नळ्यांमधून तो वर्षानुवर्षं फिरत राहतो, आतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. वर्सोवा, मढ, गोराईसारख्या समुद्रकाठच्या वस्त्यांत खाऱ्या हवेनं नळ्या गंजतात, तिथे ही शक्यता जास्त. पण गळती न शोधता नुसता गॅस भरला, तर तोही निघून जाणार.

म्हणून आधी फ्रीजची जागा पाहा. आपल्या वन-रूम-किचनमध्ये तो भिंत आणि ओटा यांच्या कोपऱ्यात गच्च बसवलेला असतो. वर डबे, अंगावर प्लास्टिकचं कव्हर. मग आतून काढलेली उष्णता जाणार कुठे? विक्रोळीच्या गोदरेजनं १९५८ साली फ्रीज बनवायला सुरुवात केली, त्या काळापासून कितीतरी वर्षं पाठीमागची, उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांची काळी जाळी सगळ्यांना दिसायची. आता अनेक फ्रीजमध्ये त्या नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात. त्यामुळे मागे आणि दोन्ही बाजूंना चार-चार बोटं तरी मोकळी हवीत. जाळी उघडी असेल तर प्लग काढून तिच्यावरची धूळ आणि फोडणीचा तेलकट थर मऊ ब्रशनं साफ करा.

दुसरं, दाराचं रबर. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज निसटली तर रबर सैल झालंय. पावसाळ्यात आपली हवा इतकी दमट असते, की एवढ्याशा फटीतून शिरलेल्या बाष्पाचा फ्रीझरमध्ये जाड बर्फ होतो. भरपूर बर्फ म्हणजे भरपूर थंडावा, असं अनेकांना वाटतं. खरं तर तो थर थंडी पदार्थांपर्यंत पोचू देत नाही. तो सुरीनं कधीही खरवडू नका. नळीला भोक पडलं की चांगला फ्रीज कायमचा बिघडू शकतो. शिवाय हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमधला आर-६००ए हा गॅस ज्वालाग्राही आहे. फ्रीज बंद करा, दार उघडं ठेवा, बर्फ आपोआप वितळू द्या.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये वरचा कप्पा थंड आणि खालचा कोमट असेल, तर बहुधा पंखा बंद पडलाय किंवा हवेची वाट बर्फानं बुजली आहे. आत दिवा लागतो, पण कॉम्प्रेसर ‘कट्ट’ करून गप्प होतो, तेव्हा व्होल्टेज किंवा कॉम्प्रेसर सुरू करणारा रिले तपासायला हवा. यात गॅसचा सहसा संबंध नसतो.

गॅस कमी झाल्याची खूण वेगळी असते. कॉम्प्रेसर अखंड चालतो, बाजूचा पत्रा किंवा जाळी मात्र गरम होत नाही. साध्या डायरेक्ट-कूल फ्रीजमध्ये बर्फ एकाच कोपऱ्यात धरतो. हे दिसलं की मेकॅनिकला बोलवा.

तोवर दार उगाच उघडू नका. फ्रीझरचं तापमान उणे १८ अंशांच्या आसपास हवं. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीच्या आधी भरून ठेवलेली सुरमई मऊ पडली, पण अजून फ्रीजइतकी गार असेल, तर त्याच दिवशी शिजवा. काही तास कोमट राहिली असेल तर टाकून द्या, वास येत नसला तरीही.

आणि मेकॅनिक आला की एवढं ठामपणे सांगा, “आधी गळती कुठे आहे ते दाखवा, ती बुजवा, मगच गॅस भरा.” हे सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.