आधी काम, मग रिचार्ज

(चेन्नईतल्या मराठी मंडळींसमोर वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



व्याख्यानमालेत संतसाहित्य असतं, इतिहास असतो, अर्थसंकल्प असतो. मोबाइलच्या रिचार्जवर कोणी तासभर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. पण या सभागृहातल्या प्रत्येकाच्या खिशातून दर महिन्याला न चुकता जाणारा खर्च कोणता, असं विचारलं तर पहिल्या तीनांत हा येईल. दुधाचा भाव दोन रुपयांनी वाढला तर आपण आठवडाभर बोलतो. रिचार्ज साठ रुपयांनी महागला तरी मुकाट्याने ‘पे’चं बटण दाबतो.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. कोणता प्लॅन स्वस्त, हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की, हा नंबर नेमकं काय काम करतो? काम ठरलं की दाम आपोआप ठरतो. काम न ठरवता रिचार्ज करणारा माणूस दुसऱ्याच्या गरजेचे पैसे भरत असतो.

थोडा इतिहास पाहू, कारण आजच्या दरांचं मूळ त्यात आहे. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन केला आणि देशात मोबाइल आला. सुरुवातीला परवाने मिळाले ते चार महानगरांना, आणि चेन्नई त्यात होतं. इथे स्कायसेल आणि आरपीजी सेल्युलर अशा दोन कंपन्या होत्या. तेव्हा मिनिटाला १६ रुपयांच्या घरात दर होता आणि आलेल्या कॉलचेही पैसे पडत. त्यामुळे नाव बघून फोन कापायचा आणि खाली जाऊन पीसीओवरून लावायचा, हा शहाणपणा समजला जाई.

२००३ च्या मे महिन्यात इनकमिंग फुकट झालं आणि देशभर मिस्ड कॉलचं राज्य सुरू झालं. २००६ च्या सुमारास ‘लाइफटाइम’ची कार्डं आली. ९९९ रुपये एकदाच भरा आणि नंबर कायमचा तुमचा. पुष्कळांच्या आईवडिलांचा पहिला मोबाइल तोच. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, बोलणं जवळजवळ मोफत झालं आणि डेटाचा पूर आला. मग २०१८ च्या अखेरीस बाकीच्या कंपन्यांनी नियम फिरवला. दर २८ दिवसांनी निदान ३५ रुपये भरा, नाहीतर आधी आउटगोइंग आणि मागाहून इनकमिंगही बंद. ‘लाइफटाइम’ची लाइफ तिथेच संपली.

या सगळ्याचं सार एका वाक्यात सांगतो. पूर्वी कंपन्या मिनिटं विकत होत्या, आता दिवस विकतात. बोलणं अमर्याद, डेटा ढिगाने. मोजून मिळतात ते फक्त दिवस. म्हणून प्लॅनवरची मोठ्या अक्षरांतली रक्कम पाहू नका. रकमेला दिवसांनी भागा.

आता हिशोबाला बसू. मी सांगतो ते आकडे जुलै २०२४ ची दरवाढ आणि जानेवारी २०२५ चे नवे प्लॅन यांतले आहेत. दर पुढे बदलतील, पण हिशोबाची रीत हीच राहील.

२९९ रुपयांचा प्लॅन घ्या. जिओवर त्यात २८ दिवस रोज दीड जीबी. भागाकार केला तर दिवसाला १० रुपये ६८ पैसे. आपण म्हणतो महिन्याला तीनशे, म्हणजे वर्षाला छत्तीसशे. चूक. वर्षात २८ दिवसांचे १३ तुकडे पडतात. १३ वेळा २९९ म्हणजे ३,८८७ रुपये. या तेराव्या महिन्यावर इतक्या तक्रारी झाल्या की, २०२२ च्या जानेवारीत दूरसंचार नियामक ट्रायने हुकूम काढला. प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा एक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला भरायचा एक, असे प्लॅन ठेवलेच पाहिजेत. जिओचा तसा प्लॅन ३१९ रुपयांचा. वर दिसायला वीस रुपये महाग, पण वर्षाला १२ वेळाच भरायचा, म्हणजे ३,८२८. दीड जीबी तोच. महाग दिसणारा प्लॅन ५९ रुपयांनी स्वस्त निघाला.

वार्षिक म्हटलं की वर्षाचं, असंही गृहीत धरू नका. फक्त बोलणं आणि एसएमएस देणारे जे प्लॅन आले, त्यांत एअरटेलचा १,८४९ रुपयांचा ३६५ दिवसांचा आहे. जिओचा १,७४८ चा आहे, पण तो ३३६ दिवसांचा, म्हणजे २८ चे १२ तुकडे. एकशे एक रुपयाचा फरक डोळ्यात भरतो, पण दिवसाचा दर काढला तर ५ रुपये ७ पैसे विरुद्ध ५ रुपये २० पैसे. स्वस्त वाटणारा किंचित महागच.

हे बोलण्यापुरते प्लॅन आले कुठून, तेही सांगायला हवं. देशात सुमारे १५ कोटी लोक अजून बटणाचा साधा फोन वापरतात. त्यांना इंटरनेट नको, तरी डेटासकट प्लॅन घ्यावा लागत होता. केळीच्या पानावरचं इथलं ‘मील्स’ कसं असतं? रसम घ्या, घेऊ नका, ताकाला नाही म्हणा, पैसे पुऱ्या पानाचेच. तसं चाललं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम बदलला. केवळ बोलणं आणि एसएमएस असलेला निदान एक प्लॅन ठेवणं कंपन्यांना सक्तीचं झालं, आणि विशेष व्हाउचरची मुदत ९० वरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवण्याची मुभा मिळाली.

आता आपल्यातल्याच माणसांकडे वळू.

पहिल्या आजी. गावाहून लेकीकडे आलेल्या किंवा इथेच मुलाजवळ राहणाऱ्या. हातात टॉर्चवाला फोन. काम दोनच: घरच्यांचा फोन घ्यायचा आणि आपण लावायचा. त्यांच्या नंबराला २९९ चं रिचार्ज करणारा मुलगा वर्षाला दोन हजारांहून अधिक रुपये अशा डेटाचे भरतो, जो त्या फोनला वापरताच येत नाही. त्यांना १,८४९ वाला घ्या. एकरकमी जड जात असेल तर ८४ दिवसांचे आहेत, जिओचा ४४८ आणि एअरटेलचा ४६९. आणखी एक फायदा असा की, वर्षभर मुदत विसरून आजीचा फोन बंद पडला, असं होत नाही.

दुसरे आपले साहुकारपेठेतले बांधव. विटा-आटपाडीकडून गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात येऊन पिढ्या गेल्या. दिवसभर भट्टीपाशी आणि पेढीवर, रात्री घरी व्हिडिओ कॉल, रविवारी मॅच. यांना रोजचा डेटा लागतो, पण किती? फोनच्या सेटिंगमध्ये डेटा वापराचं पान असतं, तिथे मागच्या महिन्याचा आकडा बघा. महिन्याला पंधरा-वीस जीबी दिसला तर रोजचा एक जीबी पुरे. पण एक लक्षात ठेवा. जिओ-एअरटेलवर रोजची मर्यादा रोज रात्री बारा वाजता संपते, उरलेला डेटा उद्याला मिळत नाही. सोमवार ते शनिवार वाचवलेलं रविवारच्या मॅचला कामी येत नाही. ज्यांचा वापर असा एका दिवशी एकवटलेला असतो, त्यांनी रोजचं माप टाळून एकगठ्ठा डेटाचा प्लॅन पाहावा.

तिसरी इथल्या ओएमआर रस्त्यावरची आयटीतली मंडळी. घरी वायफाय, ऑफिसात वायफाय, मधल्या वाटेत कॅबमध्ये तेवढा फोनचा डेटा. तरी यांच्याच फोनवर सर्वांत मोठे प्लॅन. कारण विचारलं तर म्हणतात, ‘फाइव्ह जी अनलिमिटेड मिळतं ना.’ मिळतं, पण जुलै २०२४ पासून जिओ आणि एअरटेलवर रोज दोन जीबी वा त्याहून मोठा प्लॅन असेल तरच. घरी वायफाय असताना हे अनलिमिटेड वापरणार कधी? यांना एअरटेलचा २,२४९ चा, वर्षाला मिळून ३० जीबीचा प्लॅन पुरावा. जिओचा रोज अडीच जीबीचा वार्षिक प्लॅन ३,५९९ चा. फरक १,३५० रुपयांचा.

चौथी अभ्यासाला आलेली मुलं आणि दारोदार डिलिव्हरी करणारे. वसतिगृहात वायफाय चांगलं असेल तर विद्यार्थ्याला आयटीवाल्यांचाच न्याय. डिलिव्हरीवाल्याचं मात्र उलट आहे. नकाशा आणि अ‍ॅप दिवसभर चालू, आणि मर्यादा संपून वेग ६४ केबीपीएसवर आला की नकाशा सरकत नाही. त्याने मोठा प्लॅनच घ्यावा. काटकसर म्हणजे सगळ्यांनी कमीच घ्यायचं, असं मुळीच नाही. त्याच्यासाठी डेटा हे भांडवल आहे.

आता परगावी राहणाऱ्यांचा खास प्रश्न, गावच्या नंबराचा. आपल्यापैकी पुष्कळांकडे दोन सिम आहेत. एक इथलं आणि एक महाराष्ट्रातलं, ज्यावर बँक, आधार, एलआयसी, सातबाराची कामं, सगळं बांधलेलं. दोन्हीवर पूर्ण रिचार्ज चालू. हे खरोखर लागतं का? पूर्वी लागत होतं, कारण रोमिंगचे पैसे पडत. २०१७ च्या आसपास देशातल्या रोमिंगचा वेगळा आकार बहुतेक प्लॅनमधून गेला. ३ जुलै २०१५ पासून नंबर न बदलता दुसऱ्या राज्यात कंपनी बदलता येते. म्हणजे सांगलीचा नंबर चेन्नईत खुशाल चालवा. इथल्या नंबराला काही वेगळं काम नसेल, तर तो सोडा. दोन्ही हवेच असतील तर डेटा एकाच सिमवर, दुसऱ्यावर फक्त बोलण्याचा प्लॅन.

पण गावचा नंबर नुसता पाडून ठेवू नका. सलग ९० दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर तेवढे कापून ३० दिवसांची मुदत मिळते, हा नियम २०१३ चा आहे. त्याने नंबर तुमच्या नावावर राहतो, पण चालू प्लॅन नसेल तर ओटीपी येईलच, अशी खात्री धरू नका. आणि २० रुपये शिल्लक हवे म्हणून २० चा टॉपअप मारू नका. कर आणि शुल्क वजा जाऊन १० चे ७ रुपये ४७ पैसे होतात, १०० चे ८१ रुपये ७५ पैसे. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणालाही दिला जाऊ शकतो. तेव्हा नंबर सोडायचा असेल तर आधी बँकेत आणि आधारला नवा नंबर लावा, व्हॉट्सअ‍ॅप हलवा, मग सोडा.

चेन्नईत राहणाऱ्याने दुसऱ्या सिमचा विचार आणखी एका कारणाने करावा. डिसेंबर २०१५ चा पूर आणि डिसेंबर २०२३ चं मिचाँग वादळ आपण पाहिलं. वेळचेरी, पळ्ळिकरणैकडे पाणी, वीज नाही, फोनला रेंज नाही. अशा वेळी घरातल्या सगळ्यांचे नंबर एकाच कंपनीचे असतील तर सगळे एकदम गप्प होतात. म्हणून घरात निदान एक नंबर वेगळ्या कंपनीचा असावा. कंपन्याही कायमच्या नसतात. चेन्नईचीच एअरसेल आठवा. क्रिकेटमधल्या चेन्नई सुपर किंग्जच्या पिवळ्या जर्सीवर तिचं नाव होतं. २०१८ च्या फेब्रुवारीत तिचं नेटवर्क कोलमडलं आणि लाखो लोक नंबर वाचवायला धावले. त्यामुळे कंपनीवर निष्ठा ठेवायची गरज नाही.

कंपनी बदलायची रीत सोपी आहे. इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहून, जागा सोडून आपला नंबर घालायचा आणि १९०० वर एसएमएस करायचा. येणारा कोड चार दिवस चालतो. एका राज्यात तीन कामाचे दिवस लागतात, दुसऱ्या राज्यात पाच. तुमच्या प्लॅनमध्ये एसएमएस नसले तरी हा एसएमएस गेलाच पाहिजे, असा ट्रायचा २०२१ चा आदेश आहे. मुख्य अट अशी की, सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत. जुन्या प्लॅनचे उरलेले दिवस बुडतात, म्हणून मुदत संपत आली की बदला. आणि बदलण्याआधी नव्या कंपनीच्या संकेतस्थळावरचा रेंजचा नकाशा पाहा, तो दाखवणं आता सक्तीचं आहे. त्याहून चांगलं म्हणजे शेजाऱ्याचा फोन मागून आपल्या स्वयंपाकघरात, लिफ्टपाशी रेंज बघा. सगळे प्लॅन एका ठिकाणी ट्रायच्या दरांच्या पोर्टलवर मिळतात. कंपनीच्या अ‍ॅपवर सर्वांत वर दिसतो तो तुमच्या सोयीचा प्लॅन असेलच, असं नाही. बोलण्यापुरते प्लॅन तर बरेच खाली उतरल्यावर सापडतात.

शेवटी एक विनंती. बोलण्यापुरता प्लॅन कंपन्यांनी हौसेने आणलेला नाही, ग्राहकांच्या तक्रारींमुळे आणि नियामकाच्या सक्तीने आणला. दुकानात गेलं की दुकानदार ‘एव्वळवु?’, म्हणजे ‘किती?’, विचारतो आणि आपण सवयीने ‘२९९’ म्हणतो. उद्यापासून रक्कम सांगू नका, काम सांगा. ‘आईचा फोन आहे, फक्त बोलायला, वर्षाचा दाखवा,’ असं म्हणा. तो प्लॅन घेणारेच नाहीत असं दिसलं, तर उद्या याच कंपन्या ट्रायकडे जाऊन सांगतील की, लोकांना हा नकोच आहे. तेव्हा तो मागून घ्या, आणि आज घरी गेल्यावर घरातल्या प्रत्येक नंबरापुढे त्याचं काम एका कागदावर लिहून काढा.