पौर्णिमेनंतरचा रविवार



आजच्या पारितोषिक समारंभाच्या अहवालवाचनात जर्मन शिकणाऱ्या वर्गाचं नाव आलं, तेव्हा मागच्या रांगांतून कडकडून टाळ्या पडल्या. आजचे हे चार शब्द त्या टाळ्यांना उत्तर म्हणून. विषय आहे जर्मन माणसाच्या वसंतातल्या सणांचा आणि त्या सणांच्या नावांचा.

पाठ्यपुस्तकात ही नावं एका चौकटीत येतात. ओस्टर्न म्हणजे ईस्टर, प्फिंगस्टन म्हणजे पेंटेकॉस्ट. विद्यार्थी ती पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. खरं तर भाषेतलं जुनं सामान याच नावांत जपलेलं असतं. रोजच्या बोलण्यातून कधीच गेलेले शब्द सणाच्या नावात मात्र टिकून राहतात.

गुड फ्रायडेचंच बघा. इंग्रजीनं या दिवसाला ‘गुड’ म्हटलं, जर्मन त्याला ‘कारफ्रायटाग’ म्हणतात. आजच्या जर्मनमध्ये ‘कार’ हा शब्द सुटा सापडत नाही. हजारेक वर्षांपूर्वीच्या जर्मनमध्ये ‘कारा’ म्हणजे शोक, विलाप. म्हणजे हा विलापाचा शुक्रवार, आणि तो आठवडा ‘कारवोखं’, विलापाचा आठवडा. नावातला हा शोक कायद्यातही उतरला आहे. जर्मनीतल्या सोळाही राज्यांत या दिवशी सुट्टी असते. तो ‘शांत सण’ मानला जातो आणि सार्वजनिक नाचगाण्याच्या कार्यक्रमांवर त्या दिवशी बंधनं असतात. राज्याराज्यांत वेळा वेगळ्या असल्या, तरी नाचावरचं बंधन सगळीकडे आहे.

त्याच्या आदल्या दिवसाचं नाव आणखी गमतीचं: ‘ग्र्यूनडोनर्सटाग’, हिरवा गुरुवार. हा हिरवा रंग आला कुठून, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काही जण म्हणतात, हा शब्द मुळात ‘ग्राइनन’, म्हणजे रडणं, या क्रियापदावरून आला आणि लोकांनी ऐकताना त्याचं ‘ग्र्यून’, म्हणजे हिरवं, करून टाकलं. काहींच्या मते त्याचा संबंध वसंतातल्या कोवळ्या पाल्याशी आहे. स्वयंपाकघरानं मात्र या वादाचा निकाल कधीच लावला आहे. त्या दिवशी घरोघरी पालक आणि अंडी होतात. फ्रँकफुर्टमध्ये ‘ग्र्यूनं झोसं’ या हिरव्या सॉसचा हंगाम परंपरेनं याच गुरुवारी सुरू होतो. त्यात सात पालेभाज्या लागतात, आंबट चुक्यासारख्या सॉरेलपासून पार्सलीपर्यंत. बाजारात या सातही भाज्यांची जुडी कागदात गुंडाळून मिळते. घरी ती बारीक चिरून दह्यात किंवा आंबट सायीत कालवायची आणि उकडलेल्या बटाट्यांवर, अंड्यांवर घालायची.

आता मुख्य सण, ओस्टर्न. युरोपातल्या बहुतेक भाषांनी या सणाचं नाव ‘पेसाख’ या ज्यू सणाच्या हिब्रू नावावरून घेतलं. फ्रेंचांनी, इटालियनांनी, पोर्तुगीजांनी तेच केलं. पोर्तुगीज ‘पाश्कोआ’ गोव्यात आला आणि कोकणीत ‘पास्कांचें फेस्त’ झाला. मराठी बायबलनं पेसाखसाठी ‘वल्हांडण’ हा अस्सल मराठी शब्द वापरला. वल्हांडणं म्हणजे ओलांडून जाणं. जर्मन आणि इंग्रजी या दोन भाषांची वाट मात्र वेगळी. इसवी सन 725 च्या सुमारास बीड या इंग्रज धर्मगुरूनं लिहून ठेवलं, की हे नाव एओस्त्रे नावाच्या देवीवरून पडलं. पुढे 1835 मध्ये याकोब ग्रिमनं, परीकथांच्या ग्रिम बंधूंपैकी थोरल्यानं, त्यावरून ‘ओस्टारा’ ही जर्मन देवी कल्पिली. अशी देवी खरोखर पुजली जात होती का, हा वाद अजून मिटलेला नाही. पण शब्दाचं मूळ पहाटेशी आणि पूर्व दिशेशी जोडलं जातं, आणि त्याच मुळातून संस्कृतमधली ‘उषस्’, आपली उषा, आली आहे. ‘ओस्टर्न’ आणि ‘उषा’ अशा लांबच्या बहिणी आहेत.

अंड्यांची गोष्ट सरळ आहे. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात पूर्वी अंडीही वर्ज्य होती. कोंबड्यांना उपवास नसतो, त्यामुळे घरात अंडी साठत जायची आणि सणाला रंगून ताटात यायची. पण ही अंडी ससा आणतो, असं मुलांना सांगतात; तो ससा कुठला? गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाऊ या वैद्यानं 1682 मध्ये लिहिलेल्या प्रबंधात अल्सास आणि पॅलाटिनेट भागातल्या या सशाचा उल्लेख सापडतो. तेव्हा तो साऱ्या जर्मनीचा झालेला नव्हता. कुठे कोल्हा अंडी आणायचा, कुठे करकोचा, स्वित्झर्लंडच्या काही भागांत कोकिळेच्या जातीचा कुक्कू पक्षी. ससा या सगळ्यांना मागे टाकून पुढे गेला.

पूर्व जर्मनीतल्या लाउझित्स भागात सोर्ब लोक राहतात. जर्मनीत राहूनही त्यांनी आपली स्लाव्ह भाषा टिकवली आहे. त्यांची अंडी रंगवण्याची रीत जवळून बघण्यासारखी आहे. हंसाच्या पिसाचं टोक कातरून त्रिकोणी किंवा शंकरपाळ्याच्या आकाराचं करायचं. ते वितळलेल्या मेणात बुडवायचं आणि अंड्यावर अलगद टेकवायचं. जिथे मेण बसलं, तिथे रंग चढत नाही. मग अंडं फिकट रंगात बुडवायचं, पुन्हा मेणाचे ठसे, पुन्हा गडद रंग. शेवटी मेणबत्तीच्या आचेजवळ धरून मेण फडक्यानं टिपून घेतलं, की खालची नक्षी एकदम उमटते. अशी अंडी धर्ममातापिता आपल्या धर्मपुत्रांना भेट देतात. ईस्टरच्या सकाळी याच सोर्ब गावांतले पुरुष काळा कोट, उंच टोपी अशा वेशात घोड्यांवर बसून शेजारच्या गावी जातात आणि येशूच्या पुनरुत्थानाची वार्ता सोर्ब भाषेत गात सांगतात. घोड्यांचे लगाम कवड्यांनी मढवलेले असतात.

लाउझित्सची आणखी एक चाल म्हणजे ‘ओस्टरवासर’. ईस्टरच्या पहाटे सूर्योदयापूर्वी मुली झऱ्यावरून पाणी आणत. या पाण्यानं रूप उजळतं, आजार जातात, अशी श्रद्धा. अट एकच, वाटेत चकार शब्द काढायचा नाही. वाटेवर मुलं त्यांना हसवायला, बोलतं करायला टपलेली असत. कुणी बोललीच, तर त्या पाण्याचं ‘प्लापरवासर’ होई, म्हणजे बडबडपाणी. त्यात काही गुण उरत नसे.

ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी प्फिंगस्टन. ग्रीक भाषेत ‘पन्नासावा’ म्हणजे ‘पेंटेकोस्टे’. जर्मनांच्या तोंडी ‘प’चा ‘प्फ’ झाला आणि शब्द आक्रसला. या सुमारास दक्षिणेकडे गुरं कुरणांकडे निघत आणि पुढचा बैल फुलांनी, फितींनी सजवला जाई. त्याचं नाव ‘प्फिंगस्टओक्सं’. पोळ्याला बेगडानं शिंगं मढवलेला बैल ज्यानं पाहिला आहे, त्याला हे चित्र परकं वाटणार नाही. आजही कुणी फार नटलं, की जर्मन माणूस म्हणतो, हा तर प्फिंगस्टनच्या बैलासारखा सजलाय.

त्यानंतर दीड आठवड्यानं ‘फ्रोनलायशनाम’. आजच्या जर्मनमध्ये ‘लायशनाम’ म्हणजे प्रेत, त्यामुळे नवा विद्यार्थी दचकतो. मध्ययुगात मात्र त्याचा अर्थ नुसता ‘देह’ होता आणि ‘फ्रोन’ म्हणजे प्रभूचा. रोजच्या भाषेत शब्दाचा अर्थ पालटला, सणात जुनाच राहिला. ब्लॅक फॉरेस्टलगतच्या ह्युफिंगन गावात त्या दिवशी रस्त्यावर फुलांचे गालिचे घालतात आणि मिरवणूक त्यांच्यावरून जाते.

या साऱ्या सणांची गणती एका पौर्णिमेवर चालते. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेपुढचा रविवार म्हणजे ओस्टर्न. म्हणून 2022 मध्ये 16 एप्रिलला हनुमान जयंती झाली आणि दुसऱ्याच दिवशी ईस्टर आला. 2024 मध्ये 24 मार्चला होळी पेटली आणि 31 मार्चला ईस्टर झाला.

तेव्हा मित्रहो, आज घरी गेल्यावर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ती पौर्णिमा शोधा आणि तिच्या पुढच्या रविवारावर ‘ओस्टर्न’ असं लिहा. त्याच्या आदल्या शुक्रवारी कारफ्रायटाग. मग रविवारपासून मोजत चला: चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी, हिमेलफार्ट, येशूचं स्वर्गारोहण, पन्नासाव्या दिवशी प्फिंगस्टन. पारितोषिक मिळवणाऱ्या सर्वांचं मनापासून अभिनंदन, आणि जर्मनच्या वर्गाला खास शुभेच्छा.